ओट्यावरचा देव

"काल पहाटे देवानं मलाही दृष्टांत दिला," ओट्यासमोरच्या चहाच्या हॉटेलवाल्या बंडा चौगुलेनं भर सभेत सांगितलं. "म्हणाला, ऊन फार लागतंय, सभामंडप बांधा. मागचं दुकान पाडलं की जागा होईल."

रंगराव मगदूम ताडकन उभे राहिले. मागचं दुकान त्यांचंच होतं.

दुकानापुढचा बेकायदा ओटा पाडायला पंचायतीची माणसं येणार म्हटल्यावर रंगरावांनीच घरातला वरवंटा शेंदूर फासून ओट्यावर उभा केला होता आणि देवानं दृष्टांत दिल्याचं गावभर सांगितलं होतं. ओटा वाचला. वर नारळ-उदबत्तीचा धंदा असा चालला, की रंगराव स्वतःच वरवंट्याला मनापासून हात जोडू लागले.

आता बंडाला खोटा म्हणावं, तर आपला दृष्टांत तरी कोण खरा मानणार? सगळा गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"देवाची इच्छा," ते कसेबसे म्हणाले. टाळ्या पडल्या.

घरी येताच त्यांनी बायकोला सगळं खरं सांगून टाकलं. निदान ती तरी चारचौघांत म्हणेल, की हा माझा वरवंटा आहे.

"तरीच! अख्खं घर पालथं घातलं मी त्याच्यासाठी," तिनं कपाळावर हात मारला. मग तिनं डोक्यावर पदर घेतला आणि ओट्याच्या दिशेनं हात जोडले.

"वरवंटा होता तेव्हा होता. आता आपल्या सुनेला दिवस गेलेत, ते त्याच्याच नवसानं. उद्या लवकर उठा, दुकान रिकामं करायचंय."