तयार जर्नल

कॉलेजच्या संचालकांनी प्रवेश-अर्जासोबत जीवशास्त्राचं जर्नलही पुढे सरकवलं. आकृत्या काढलेल्या, सह्याही झालेल्या. फक्त नावाची जागा रिकामी होती.

“अकरावी-बारावी इकडे फिरकायचं नाही. नुसती नीटची तयारी,” ते म्हणाले.

“लॅब बघता येईल?” केतकीने विचारलं.

“डॉक्टर व्हायचंय ना? मग लॅबमध्ये काय ठेवलंय?”

केतकीने आईकडे पाहिलं. ‘तिथे उलट बोलू नकोस,’ असं आईनेच रिक्षात बजावलं होतं. पण वीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स असलेली आई शांतपणे म्हणाली, “सर, लॅब न बघितलेले डॉक्टर मग आमच्या पेशंटवर शिकतात.”

केतकीने पेन उघडलं. टेबलावरच्या पाटीवरून संचालकांचं नाव रिकाम्या जागेत सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि जर्नल त्यांच्यापुढे सरकवलं.