बघू

"वरून कापू नका म्हटलं होतं मी," बायको म्हणाली.

पायवाटेवर आडव्या पडलेल्या झाडात नवऱ्याची पेट्रोलवरची करवत अर्ध्यापर्यंत रुतून बसली होती. खोड दोन्ही टोकांनी उंचवट्यांवर टेकलेलं, मधे अधांतरी. अशा खोडाला वरून चीर पाडली की ती मिटते आणि पातं चावून धरते. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. जंगलातल्या या वाटा मोकळ्या ठेवायचं काम दोघं लग्नापासून करत आली होती. पण बायकोने 'खालून' म्हटलं, की याचा हात हमखास वरून चालायचा.

"तू मधेच बोललीस म्हणून अडकली. एकटा असतो तर केव्हाच मोकळा झालो असतो."

'एकटा' हा शब्द त्याने आज तरी काढायला नको होता. उद्या ती लेकीच्या बाळंतपणाला निघणार होती आणि दोन-तीन महिने काही परतणार नव्हती. एकट्याने मशीन चालवायची नाही, हा या कामातला पहिला नियम. खोड घरंगळलं, पाय खाली सापडला, तर हाक ऐकायला कुणीतरी लागतं. इथे फोनलाही रेंज नव्हती.

"मी येईपर्यंत एकट्याने मशीनला हात लावणार नाही, म्हणा."

"बघू."

"बघू नाही. म्हणा."

"अगं, वाट अडली तर लोकांनी काय उडत जायचं?"

"भावजींना सोबत घ्या."

"तो? तो येईपर्यंत झाड कंटाळून आपणहून उठून जाईल."

एरवी ती हसली असती. आज तिच्या डोक्यात तिडीक गेली. त्याचा 'बघू' ती पुरता ओळखून होती. छपराची गळती बघू, गुडघा डॉक्टरला दाखवायचं बघू. त्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'च, फक्त भांडण नको म्हणून जरा गोड केलेलं. आणि तिला तर धडधडीत भीती वाटत होती. तिकडे नातवंडाला न्हाऊ घालताना फोन वाजला, की तिला आधी खोडाखाली सापडलेला हाच दिसणार.

"एकदा म्हणा ना. माझ्यासाठी."

"आधी ही काढू दे, मग बघू."

पालथ्या घड्यावर पाणी. तिने दगड सरकवून दिला, त्याने त्यावर पहार टेकवून खोडाखाली घातली आणि सगळा भार टाकला. "अजून!" ती ओरडली. खोड बोटभर उचललं गेलं. तिने हिसका देऊन करवत बाहेर ओढली. तो धापा टाकत खाली बसला.

"बघ, निघाली की नाही!" पडलो तरी नाक वर.

तिने मशीन बाजूच्या दगडावर ठेवली, पिशवीतून पाना काढला, इंजिनाचा प्लग खोलला आणि रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

"अगं, काय चाललंय?"

"उरलेलं हातकरवतीने कापू. हा मी आल्यावर लावीन."

तो हसायलाच लागला. प्लगशिवाय मशीन म्हणजे नुसतं लोखंड, हे खरं. पण बायकोची ही हुशारी त्याला फारच कच्ची वाटली.

"घरी नवा कोरा पडलाय की. फळीवरच्या डब्यात."

"तो सकाळीच बॅगेत टाकलाय. बाळाच्या दुपट्यांखाली."

त्याचं हसू थांबलं. त्याने पहार बाजूला ठेवली.

"सकाळीच? मग मघापासून माझ्याकडे शब्द कशाला मागत होतीस?"

ती हातकरवत घेऊन खोडापाशी वाकली होती. वर न बघताच म्हणाली, "वाटलं होतं, द्याल."