थांबलेला आकडा

"काटा शून्यावरून हलायलाच तयार नाही," मास्तर म्हणाले. "पाचवीत तू वजाबाकीला अडून बसायचास ना, अगदी तसा."

थोरला हसला. सहा महिन्यांत तो फारसा हसला नव्हता, पण शाळेतल्या मास्तरांपुढे तोंड पाडून बसायची सोय नसते. मग माणूस चाळिशीचा का असेना.

"बाकी मागच्या खेपेला गाडी काय लख्ख धुऊन दिली होतीत रे. माझी मलाच ओळखू येईना."

थोरल्याने जुनी मोटरसायकल स्टँडवर चढवली आणि आधी रजिस्टर उघडलं. गाडी आली की मीटरमधला किलोमीटरचा आकडा लिहायचा, मगच पान्याला हात लावायचा, हा आईचा नियम. एका गिऱ्हाइकाने एकदा 'माझी गाडी गावभर उंडारली' म्हणून भर रस्त्यात तमाशा केला होता. तेव्हापासून आईने स्वतः पट्टी घेऊन रकाने आखून दिले. आली तेव्हाचा आकडा, ट्रायल कोणाची, निघाला किती वाजता, परत आला तेव्हाचा आकडा. सही आधी, किक नंतर. सख्ख्या मुलांनाही सूट नाही.

त्याने आजचा आकडा उतरवला. ३१४०९.

"कधीपासून बंद आहे, मास्तर?"

"झाले बरेच महिने. मीच आलो नाही. तुमच्या घरात ते तसं झालेलं, त्यात माझ्या मीटरचं काय घेऊन बसायचं?"

ते म्हणजे आई. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर, गॅरेजपासून मोजून तीन किलोमीटरवर, संध्याकाळी साडेसहाला कोणा मोटरसायकलवाल्याने तिला उडवलं आणि तो मागे वळूनही न बघता पळाला. पोलिसांनी महिन्याभरात हात टेकले. थोरल्याने नाही टेकले. दारात येणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलच्या मडगार्डवरून आणि दिव्यावरून तो अजून बोटं फिरवून बघायचा. एक ना एक दिवस ती गाडी आपल्याकडेच दुरुस्तीला येणार, अशी त्याची खात्री होती. आली की त्या माणसाचं काय करायचं, तेही त्याने ठरवून ठेवलं होतं.

धाकटा तर पार खचला. गॅरेजात दोघे भाऊच काय ते, पण आई गेल्यापासून तो गाडीवर बसला नाही. "हात कापतात, दादा," एवढंच म्हणायचा. आईचं शेंडेफळ ते, म्हणून थोरला त्याला काही बोलत नसे. ट्रायल सगळ्या त्याने स्वतःकडे घेतल्या होत्या.

आताही कोपऱ्यात कार्बोरेटर धुता धुता धाकटा म्हणाला, "केबल बदलून टाक आणि दे, दादा. एवढ्यासाठी चाक कशाला खोलतोस?"

"आधी बघू तर दे. उगाच मास्तरांच्या खिशाला कात्री कशाला?"

थोरल्याने केबलचं चाकाकडचं टोक सोडवलं आणि आतली तार चिमटीत धरून गरकन फिरवली. वर काटा टुणकन उडाला.

"मीटर ठणठणीत. केबलही ठणठणीत. म्हणजे दुखणं चाकात आहे, मास्तर. चाकापाशी एक छोटं गिअर असतं, ते केबलला फिरवतं. तेच अडकलंय, म्हणून काटाही थांबला आणि आकडाही."

"मी चहा सांगून येतो," धाकटा म्हणाला आणि हात न पुसताच बाहेर पडला.

थोरल्याने चाक उतरवलं, गिअरची डबी उघडली. आत ग्रीसमध्ये काळं काहीतरी गच्च गुंडाळलं गेलं होतं. त्याने ते चिमट्याने ओढून काढलं आणि पेट्रोलमध्ये बुडवून धुतलं.

लोकर निघाली. एक धागा निळा, एक हळदी, एकमेकांत पिळलेले.

असली लोकर बाजारात मिळत नाही. दोघा भावांचे लहानपणचे स्वेटर उसवून, निळा त्याचा आणि हळदी धाकट्याचा, आईने स्वतःसाठी मफलर विणला होता. त्या संध्याकाळी तो तिच्या गळ्यात होता. पोलिसांनी परत दिला तेव्हा त्याचं एक टोक उसवलेलं होतं.

मास्तर स्टुलावर बसून चष्मा पुसत होते. आई गेल्यावर पंधरा दिवस रोज येऊन शेजारी बसणारा हाच माणूस. थोरल्याच्या मुठीत पाना होता आणि मूठ सुटत नव्हती. त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"मास्तर, आई गेली त्या संध्याकाळी तुम्ही गाडी घेऊन कुठे गेला होतात?"

"गाडी घेऊन?" मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "गाडी होती कुठे माझ्याकडे? सर्व्हिसिंगला तुमच्याकडेच नव्हती का? तू त्या दिवशी सुटे भाग आणायला गेला होतास, म्हणून तुला ठाऊक नसेल. पुढच्या आठवड्यात मिळाली मला. काटा तेव्हापासूनच बंद आहे. का रे?"

ग्रीसच्या हातांनीच थोरल्याने रजिस्टरची पानं मागे उलटली. ती तारीख शोधावी लागली नाही. पाठ होती.

मास्तरांच्या गाडीचा नंबर. आली तेव्हाचा आकडा, ३१४०६.

त्याने एकदा समोरच्या मीटरकडे बघितलं. ही वजाबाकी त्याला अडली नाही.

निघाल्याची वेळ सव्वासहा. परत आल्याचा रकाना कोरा.

"सापडला का दोष, दादा?" दारातून धाकट्याने विचारलं. त्याच्या हातातले चहाचे ग्लास एकमेकांवर किणकिणत होते.

थोरल्याचं बोट रकान्यांवरून मागे सरकलं. ट्रायलच्या रकान्यात, आईने पट्टीने आखलेल्या चौकोनात, धाकट्याची सही होती.