दर्शनाची वार्षिक पोटदुखी

“पाठ केलंयस तू हे,” स्क्रीनवरच्या सोलांजबाई फ्रेंचमध्ये म्हणाल्या. “एकही चूक नाही. खरं बोलताना तू चुकतेस, दर्शना. आज एकदाही चुकली नाहीस.”

दर्शना ओशाळली. तिने दिवाळी चांगली घोटून आणली होती. पणत्या, उटणं, चकल्या, सगळं कसं जागच्या जागी.

“उद्या सगळ्यांसमोर बोलायचंय,” बाई म्हणाल्या. “कॅलेंडरवरचं नको. घरातलं सांग.”

ठाण्याच्या त्या ऑफिसचं सगळं काम फ्रान्सच्या एका कंपनीचं. आणि इथे बसलेले सगळे फाडफाड इंग्रजीवाले. तिकडची माणसं शेवटी वैतागली. मग मेंटॉरशिप निघाली. इथल्या निवडक लोकांना तिकडचा एकेक निवृत्त माणूस जोडून दिला. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल, कामापुरतं फ्रेंच पक्कं होईपर्यंत. दर्शनाच्या वाट्याला सोलांजबाई आल्या. शेवटची परीक्षा उद्या, विषय ‘आमच्या घरातला सर्वांत मोठा दिवस’. पास झाली तर ती फ्रेंच टीमची लीड. वर कॉन्ट्रॅक्टचं झंझट संपून पर्मनंट. फक्त मॅनेजर विनीत सरांची सही व्हायला हवी.

आता, घरातला मोठा दिवस दिवाळी नाही हे काय तिला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. कोपरला त्यांच्या बिल्डिंगीत मोठा दिवस एकच, चौदा एप्रिल. पण तिचं जाधव आडनाव दोन्हीकडे खपतं. ऑफिसात पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं होतं, “जाधव म्हणजे कुठले?” ती म्हणाली, “साताऱ्याकडचे.” खोटं नव्हतंच ते. विचारणाऱ्याला गाव नको होतं, एवढंच.

चौदा एप्रिलला ऑफिस चालू असायचं. फ्रान्सला कुठली आलीय सुट्टी! मग दरवर्षी त्या दिवशी दर्शनाचं पोट दुखायचं. शेजारच्या टेबलावरची ऐश्वर्या चिडवायची, “आली का गं तुझी वार्षिक पोटदुखी?” आणि घरी तिचे आजोबा, दगडू जाधव, विचारायचे, “हापिसानं सुट्टी दिली ना गं जयंतीची?”

“दिली, आजोबा.”

म्हातारा असा खूश व्हायचा की विचारू नका. आख्ख्या बिल्डिंगीला सांगत सुटायचा, माझ्या नातीचं हापिस बाबासाहेबांना मानतं! तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. इकडेही खोटं, तिकडेही खोटं.

दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्स रूम भरली. पुढच्या खुर्चीत विनीत सर, मागे ऐश्वर्या आणि बाकीची मंडळी, भिंतीवरच्या स्क्रीनवर सोलांजबाई. दर्शनाने सुरुवात केली. दिवाळीचं पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं. अगदी झकास. सोलांजबाई चष्मा काढून पुसत बसल्या.

दर्शनाचं डोकं सणकलं. बाईंवर नाही, स्वतःवरच. एवढं फ्रेंच शिकले ते काय चकल्या विकायला?

ती थांबली. फ्रेंचमध्येच म्हणाली, “नाही. आमचा मोठा दिवस चौदा एप्रिल.”

मग ती आजोबांच्या कोटाबद्दल बोलली. गावकीची कामं झुगारून ते कल्याणला आले, गोदामात हमाली केली, आणि पहिल्या पैशातून एक जुना निळा कोट घेतला. तो वर्षातून एकदाच बाहेर निघतो, जयंतीला. एप्रिलचं ऊन, घामाने निथळतात, पण मिरवणूक संपेस्तोवर कोट काढत नाहीत. ती अडखळली. शब्द सापडेनात, क्रियापदं घसरली, पण ती थांबली नाही. मागे ऐश्वर्याने मोबाईल खाली ठेवला. खोलीत आणखी फ्रेंच शिकणारी तीच एकटी, तिला कळत होतं. विनीत सर मात्र हसतमुखाने मान डोलावत बसले होते. त्यांचं फ्रेंच नमस्कारापलीकडे गेलंच नव्हतं.

“चुका भरपूर,” सोलांजबाई इंग्रजीत म्हणाल्या, सगळ्यांना कळावं म्हणून. चष्मा पुन्हा डोळ्यांवर होता. “पास.”

टाळ्या पडल्या. विनीत सर उठले. “सुपर यार, दर्शना! दिवाळी एकदम मस्त सांगितलीस! आता ऐका सगळे. चौदा तारखेला फ्रान्सवाल्यांबरोबर मोठी मीटिंग आहे. नवीन लीड दर्शना, तीच बोलणार. कुणाला सुट्टी नाही. तुझं पर्मनंटचं पण त्याच दिवशी करून टाकू. फक्त ते पोट सांभाळ हं या वेळी!”

खोली हसली. ऐश्वर्या तेवढी हसली नाही. ती दर्शनाकडे बघत राहिली.

दर्शनाला क्षणभर वाटलं, गप्प बसावं. काय बिघडलं? फ्रेंचमध्ये सांगून झालं होतं, आणि ज्यांना कळायला नको त्यांना काहीच कळलं नव्हतं. ऐश्वर्या सोडली तर सगळ्यांच्या लेखी ती अजून दिवाळीवालीच होती. एक ‘हो सर’ म्हटलं की नोकरी पक्की. मग तिला तो कोट आठवला, आणि तिला राग आला, चांगला सणसणीत राग.

“माझं पोट कधीच दुखलेलं नाही, सर,” ती मराठीत म्हणाली, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशी.

“म्हणजे?”

“चौदाला बाबासाहेबांची जयंती असते. तोच आमच्या घरातला सर्वांत मोठा दिवस. दिवाळी नाही, आत्ता मी तेच सांगत होते. मीटिंग पंधराला ठेवा, मी बोलते. चौदाला मी आजोबांबरोबर मिरवणुकीत असणार.”

“अगं पण अशी सुट्टी आपलं ऑफिस देत नाही ना!”

“द्यावी लागेल, सर. मी आजोबांना कधीचं सांगून ठेवलंय, ऑफिस देतं म्हणून.”