पाण्याबरोबर पाठ

अंग घासता घासता तामूचा हात बतूलच्या काखेशी थांबला. तिने खरखरीत हातमोजा काढून ठेवला आणि उघड्या बोटांनी पुन्हा तिथेच चाचपलं.

"काय गं खाला, दमलीस? की मळ बघून घाबरलीस?" बतूल हसली. तिच्या लेकीची मेंदी परवावर आली होती, म्हणून आज ती मुद्दाम घासून घ्यायला बसली होती.

तामू हसली नाही. "शेवटचं कधी घासलं होतं मी तुला?"

"ती पाटी लागायच्या आधी. दोन वर्षं झाली की."

हमामची मालकीण लल्ला केन्झा दाराशी टॉवेलांच्या घड्या घालत होती. पाटी तिनेच लावली होती. मोरोक्कोतल्या मेकनेसच्या त्या जुन्या हमामात बाईने दारात एकदा पैसे दिले की गरम पाणी, काळा साबण, तामूचे हात आणि शेवटी पुदिन्याचा चहा, सगळं त्यात आलं. मग मार्सेलहून भाचा आला. म्हणाला, "मावशी, विमानात आता बॅगेचे वेगळे, खिडकीचे वेगळे, जेवणाचे वेगळे. फोनवाल्यांनीही तेच केलंय. ज्याला जे हवं त्याचेच पैसे. तू अजून सगळ्याची मोट बांधून बसलीयेस!" केन्झाला पटलं. पाटीवर पाणी, साबण, घासणं, चहा वेगवेगळे झाले. बायका खूश झाल्या. दोन मुली एकटीने वाढवणाऱ्या बतूलने तर दुवा दिला होता. ती नुसतं पाणी घ्यायची आणि हात पोचेल तेवढं अंग स्वतःच चोळायची.

"अक्रोडाएवढी गाठ आहे," तामू हळूच म्हणाली. "मी काही डॉक्टर नाही. पण मेंदी होईपर्यंत थांबू नकोस. उद्या सकाळीच दाखव."

बतूलचं हसू विरलं. "किती दिवसांची असेल गं?"

तामूने मान वळवून केन्झाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर केन्झाला बरं वाटलं असतं.

केन्झाचा हात आपसूक स्वतःच्या छातीच्या डाव्या बाजूला गेला. ऑपरेशन झाल्यापासून अकरा वर्षं तिथे ती कापसाची गादी ठेवत आली होती. तेव्हा हमाम सासूच्या हाती होता. एके दिवशी केन्झा घाईत होती. "दोन बादल्या पाणी दे, घासणं नको," असं ती म्हणाली होती. तामूने तिला खांद्याला धरून खाली बसवलं होतं. "पाणी घेतलंस तर पाठ द्यावीच लागते, पोरी. या हमामाचा रिवाजच आहे तो."

त्या दिवशी तामूच्या बोटांना लागलेली गाठ हरभऱ्याएवढी होती.