घोटभर पाणी

"दार उघड, नाहीतर तोडू!" फौजदारबाईंनी तिसऱ्यांदा दम दिला आणि स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं, "तोडा. मग मला उचलूनच न्या."

आत धाकटा भाऊ होता आणि त्याच्या हातात भाजी चिरायची सुरी. थोरला भाऊ बाहेर भिंतीला टेकून रडत होता. सकाळी धाकट्याच्या सुटलेल्या नोकरीवरून बोलाचाली झाली आणि थोरल्याच्या तोंडून निघून गेलं, "तुझा या घराला काडीचा उपयोग नाही." धाकटा उठला, आत गेला आणि कडी लावून घेतली.

फौजदारबाईंचा जीव टांगणीला लागला होता. बरं, हाताशी माणूस तरी कोण, तर ठाण्याचा थंडोबा हवालदार! स्वभावाच्या चाचणीत 'तडफ' या रकान्यात त्याला भोपळा मिळाला होता. असल्या भांडणांवर याला पाठवू नये, असा शेरा बाईंनी कालच लिहिला होता. चार मजले चढून त्याची धाप अजून थांबली नव्हती. टोपी काढून तो दारापाशी चक्क फतकल मारून बसला.

"अहो हवालदार, बसताय काय?" बाई करवादल्या.

त्याचं लक्षच नव्हतं. त्यानं दारावर बोटानं टकटक केलं. "भाऊ, घोटभर पाणी मिळेल का?"

आत भांडं वाजलं. नळ सुरू झाला. पाणी भरायचं तर सुरी खाली ठेवावी लागते, आणि द्यायचं तर कडी काढावी लागते. दोन्ही झालं. धाकटा दारात उभा होता, काठोकाठ भरलेला पेला दोन्ही हातांनी सांभाळत.

हवालदारानं तो एका दमात रिकामा केला.

"अजून देऊ?" धाकट्यानं विचारलं आणि त्याला रडू कोसळलं. थोरल्यानं धावत जाऊन त्याला पोटाशी धरलं.

जिना उतरताना बाईंना राहवलं नाही. "मानलं तुम्हाला, हवालदार! कुणीतरी आपल्याकडे काही मागावं, एवढंच त्याला हवं होतं. काय युक्ती काढलीत!"

हवालदार कठडा धरून थांबला. चांगलाच ओशाळला होता.

"युक्ती कसली, मॅडम? चार मजले चढून घशाला कोरड पडली होती माझ्या."