अंघोळ

फोन घ्यायला आत्या क्षणभर उठली आणि तेवढ्यात भावाचं पहिलं मूल अंघोळीच्या टबात बुडून गेलं. भावजयीने माफ केलं, पण आत्याने त्यानंतर कुठल्याच लेकराला हात लावला नाही. चर्चमध्ये गुडघे टेकून टेकून काळे पडले, तरी छातीवरचा धोंडा हलेना.

आज भावजयीने दुसरं बाळ उघडं करून तिच्यापुढे धरलं. "ताई, अंघोळ तुम्ही घाला."

"वेड लागलंय का तुला? माझं पाप ठाऊक असून?"

"माफ केलं म्हणाले, ते काय तोंडदेखलं होतं? घ्या, गारठतंय पोर."

बाळ हातांत देऊन ती बाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

बाळाने पाय आपटले, आत्याच्या तोंडावर पाणी उडालं, आणि कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली. बाळाला टॉवेलात गुंडाळून तिने दार उघडलं. "बघ गं, कसा गुलाम खिदळतोय!"

भावजय दाराशीच जमिनीवर बसली होती. किंकाळी फुटू नये म्हणून दातांत धरलेल्या मनगटातून रक्त ओघळत होतं. तिने तो हात पटकन पाठीमागे लपवला.

"उद्याही तुम्हीच घाला, ताई."